परिसर-संगीताची लक्षणे आणि चांद्याच्या अरण्यातील नाद

पाश्चात्त्य संगीतात 'अँबियंट म्युझिक' ह्या नावाने जो प्रकार गेल्या अर्धशतकात रूढ झाला, त्यास प्रस्तुत लेखापुरते 'परिसर-संगीत' असे म्हटले आहे. 'पार्श्वसंगीत' हा शब्द नाटक आणि चित्रपट ह्यांनी आधीच घेतला असून, प्रसंगास उठाव देणे हा त्यातील हेतू येथे अभिप्रेत नाही. जपानी भाषेत ह्या प्रकारास जे नाव मिळाले, त्याचाही शब्दशः अर्थ 'परिसराचे संगीत' असाच होतो; तेव्हा आमचा पर्याय अगदीच निराधार नाही. शब्दाची ही चर्चा एवढ्यावरच थांबवून मूळ प्रश्नाकडे वळू. गडचिरोलीतील माडियांची रेला गाणी, राजुरा-जिवती भागातील परधानांची किंगरी, रानात चरणाऱ्या गुरांच्या लाकडी घंटा हे सारे ऐकताना, 'परिसर-संगीत ह्या लोकांपाशी पूर्वीपासूनच होते' असे म्हणण्याचा मोह सहज होतो. हा मोह कितपत साधार आहे, हे तपासणे हा ह्या लेखाचा उद्देश होय. त्यासाठी प्रथम ह्या संगीताची लक्षणे कोणत्या परिस्थितीत घडली, ते पाहिले पाहिजे.

परिसर-संगीताच्या इतिहासाचा आरंभ बहुधा फ्रेंच संगीतकार एरिक साती ह्याच्यापासून करतात. खुर्च्या-मेजांप्रमाणे खोलीत असावे, परंतु ज्याकडे कोणी मुद्दाम पाहू नये, अशा 'सामानवजा संगीता'ची कल्पना त्याने १९१७ च्या सुमारास मांडली. १९२० साली पॅरिसमधील एका चित्रदालनात नाटकाच्या मध्यंतरात त्याने व दारियूस मियो ह्याने तिचा प्रयोग केला. मियोने सांगितलेली हकीकत प्रसिद्धच आहे. लक्ष देऊ नका अशी सूचना असूनही वादन सुरू होताच प्रेक्षक आपापल्या जागी जाऊन शांत बसले, आणि साती त्यांच्यामध्ये फिरून 'बोला, हिंडा, ऐकू नका' असे विनवू लागला. ही गोष्ट केवळ विनोद म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ऐकण्याची ज्यास शिस्त लागली आहे, त्याला न ऐकण्याची मुभा देऊन भागत नाही. तीही शिकावी लागते.

१९७५ साली ब्रायन इनो हा इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणास खिळला असता, वीणेसारख्या हार्प ह्या वाद्याची तबकडी अतिशय मंद आवाजात वाजत राहिली. आवाज वाढविण्यास उठण्याचे त्राण नसल्याने बाहेरच्या पावसात मिसळलेले ते तुटक स्वर त्याला तसेच ऐकावे लागले. ह्या अनुभवातून त्याने जी रचनापद्धती विकसित केली, तिला १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' ह्या संग्रहाने नाव मिळवून दिले. भिन्न लांबीच्या चुंबकीय फितींची वेटोळी एकाच वेळी फिरत ठेवावयाची. त्यांवरील स्वर पुनःपुन्हा येतात, परंतु त्यांचा परस्परमेळ दर खेपेस निराळा पडतो. संगीत लक्षपूर्वक ऐकले तरी रुची टिकावी आणि दुर्लक्ष केले तरी अडू नये, हे त्याने घातलेले सूत्र आज व्याख्येप्रमाणे वापरले जाते. न्यू यॉर्कच्या एका विमानतळावर १९८० साली ह्या रचना प्रत्यक्ष वाजविल्याही गेल्या.

ह्यावरून लक्षणे काढणे कठीण नाही. स्वर दीर्घ असतात. लय एक तर नसते किंवा इतकी सौम्य असते की ती जाणवू नये. आवर्तन असते परंतु उत्कर्षबिंदू नसतो. आरंभ आणि अंत हे रचनेच्या गरजेतून येत नाहीत, केवळ कोणी तरी कळ दाबली म्हणून येतात. आणि ध्वनीचा रंग सुरावटीपेक्षा महत्त्वाचा मानला जातो. पुढील काळात फुटलेल्या शाखा म्हणजे अखंड आधारस्वरावर उभे असलेले संगीत, अवकाशाचा भास देणारे विद्युत्-वाद्यांचे संगीत, उदास व भयसूचक छटेचे संगीत, रानावनातील ध्वनिमुद्रणे विणून केलेले संगीत, आणि १९९० नंतर नृत्यगृहांतील ठेक्यांशी जुळवून घेतलेले संगीत. ह्या सर्वांत वरील लक्षणांचे प्रमाण कमीजास्त झालेले दिसते, एवढेच. त्यांच्या वर्गीकरणात अभ्यासकांनी जितकी शाई खर्चिली आहे तितकी आवश्यक होती असे वाटत नाही. जपानमध्ये हिरोशी योशिमुरा ह्याने १९८२ मध्ये एका संग्रहालयाच्या वास्तूसाठी केलेल्या रचना मात्र ध्यानात ठेवाव्या. कारण तेथे विशिष्ट जागा आणि तेथील संगीत ह्यांचे नाते अधिक जाणीवपूर्वक जोडलेले आहे.

ह्या शाखांपैकी अखंड आधारस्वराच्या संगीताचा एक धागा आपल्याकडे येतो. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ ह्यांचे शिष्य. ते १९७० साली अमेरिकेस गेले आणि ला माँट यंग, मारियन झझीला व टेरी रायली ह्यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. यंग ह्यांच्या मंडळातील जॉन हॅसेल हेही प्राणनाथांकडे शिकले; त्यांनी व इनो ह्यांनी मिळून १९८० मध्ये एक संग्रह केला. तंबोऱ्याच्या नादात स्थिर होऊन एकेका स्वराचा सूक्ष्म विस्तार करण्याची किराण्याची रीत अशा प्रकारे ह्या प्रवाहास मिळाली. तथापि 'सारे आपल्याकडूनच गेले' हा उत्साह येथे आवरला पाहिजे. यंग ह्यांची दीर्घस्वरांवर उभी असलेली तंतुवाद्यांची रचना १९५८ ची, म्हणजे प्राणनाथांच्या भेटीपूर्वी बारा वर्षांची आहे. गुरू भेटण्याआधीच शिष्याच्या कानास त्याची तहान लागलेली होती, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

मिरजेच्या कारागिरांनी घडविलेला तंबोरा महाराष्ट्रातील श्रोत्यास परिचित आहे. मैफिलीत तंबोऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्याचे कौतुक होत नाही, त्यास टाळी मिळत नाही. इतक्यापुरते तो परिसर-संगीताच्या व्याख्येत चपखल बसतो. पण तंबोरा मध्येच थांबला तर काय होते? गवयाच्या पायांखालची जमीन जाते, आणि आतापर्यंत ज्याने तंबोरा 'ऐकला' नव्हता तो श्रोताही चमकून वर पाहतो. विमानतळावरील संगीत मध्येच बंद पडले तर प्रवाशाचे काहीच अडत नाही. बहुधा त्याच्या ते ध्यानातही येणार नाही. ध्वनी चालू असतानाची त्याची लक्षणे सारखी असली, तरी तो थांबल्यावर काय घडते ह्यावरून त्याचा परिसराशी असलेला संबंध कळतो. ह्यास आपण 'खंडाची कसोटी' म्हणू आणि ती घेऊन अरण्यात जाऊ.

ज्या प्रदेशाचा येथे विचार करावयाचा, तो पूर्वीचा चांदा जिल्हा. त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. राजुऱ्याचा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. म्हणून तेथील गोंड-परधानांविषयीची माहिती बरेचदा आदिलाबादवरील ग्रंथांत सापडते, ही गोष्ट नवीन अभ्यासकाने ध्यानात ठेवावी. पूर्वेस इंद्रावतीपलीकडे बस्तर लागते. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती ह्यांचा संगम आहे. राज्यांच्या सीमा नद्यांनी आखल्या, तरी गाणी त्या सीमांवर थांबलेली नाहीत.

साधनांविषयी प्रथमच एक अडचण सांगितली पाहिजे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी परधान गायकाकडून मिळविलेले लिंगोचे दीर्घ गीत त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल ह्यांनी प्रसिद्ध केले. गोंडी शब्द आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर त्यात दिलेले आहे. गोंडी मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासाचा तो पायाच होय. परंतु ते गीत किंगरीवर गायिले जाते म्हणजे काय होते, एका चरणानंतर किती वेळ नुसता गज फिरत राहतो, श्रोते त्या वेळी काय करीत असतात, ह्याची कल्पना त्या मजकुरावरून येत नाही. छापील पानावर चरणामागून चरण येतो. ज्या नादात ते चरण बुडालेले होते, तो नाद लेखणीतून गळून गेला. ह्यात हिस्लॉप ह्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. भाषा आणि दैवतकथा हाच त्यांच्या शोधाचा विषय होता. पुढील काळातील इंग्रजी वर्णनांत आदिवासी संगीतास 'एकसुरी' हे विशेषण वारंवार लागलेले दिसते. ते निंदेपोटी लागले असले, तरी आज साधन म्हणून त्याचा उपयोग होतो. ज्यास ते एकसुरी वाटले, त्याने उत्कर्षबिंदूची अपेक्षा केली होती आणि ती पुरी झाली नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ चा आहे. त्यात परधानाचे कार्य तपशिलाने आले आहे. परधान हा विशिष्ट गोंड कुळांचा वंशपरंपरागत भाट. गजाने वाजवावयाची किंगरी घेऊन तो यजमानाकडे येतो आणि पेरसा पेन ह्या कुलदैवताच्या उत्सवात त्या कुळाची उत्पत्तिकथा गातो. हायमेनडॉर्फ ह्यांनी नोंदविलेली एक गोष्ट मराठी वाचकास विशेष मननीय वाटावी. ह्या परधानांची घरची भाषा मराठी होती, आणि गाण्याची भाषा मात्र गोंडी. म्हणजे यजमानाची स्मृती यजमानाच्याच भाषेत जपण्याचे काम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, ते स्वतः घरी आपल्यासारखेच बोलत होते. आपल्या वाङ्मयेतिहासात त्यांना जागा मिळाली नाही. ती गोंडी वाङ्मयाच्या इतिहासात मिळेल अशी समजूत आपण करून घेतली असावी.

किंगरीत परिसर-संगीताची बहुतेक लक्षणे आढळतात. गजाचा स्वर सहसा तुटत नाही; थोड्या स्वरांत सुरावट फिरते; कथा लांबते. लांब कथेच्या बैठकीत श्रोता सर्व वेळ सारख्याच एकाग्रतेने बसून राहत नाही, हे कीर्तन वा गोंधळ पाहिलेल्या कोणासही सांगावयास नको. तरीही हे संगीत दुर्लक्षास मोकळे सोडलेले नाही. मंडल्याकडील परधानांत सांगितली जाणारी उत्पत्तिकथा ह्या दृष्टीने पाहावी. त्यांच्या वाद्याचे नाव बाना. तेही गजानेच वाजते. बडा देव रुसून साजाच्या, म्हणजे आपल्याकडील ऐनाच्या, झाडात जाऊन राहिला असता धाकट्या भावाने तंतुवाद्य घडवून वाजविले, तेव्हा देव प्रसन्न झाला. त्या भावाचे वंशज ते परधान. १८६६ च्या गीतातही लिंगो झाडावर चढून वाद्य वाजवितो आणि म्हातारा रिकाड गवाडी भान विसरून नाचू लागतो. दोन्ही कथांत झाड आहे. एकीत झाडातील अदृश्य देव ऐकतो, दुसरीत झाडावरून येणारा नाद म्हाताऱ्यास हलवितो. नादाने ऐकणाऱ्याच्या ठायी काही बदल घडलाच पाहिजे, असे ह्या कथा धरून चालतात. सातीच्या कल्पनेत ऐकणारा होता तसाच राहावा अशी अपेक्षा होती. वाद्य थांबले तर पेरसा पेनाचा विधी थांबतो. खंडाची कसोटी येथे इतकी उघड लागते की अधिक विवेचनाची गरज नाही.

रेला गाण्यांची गोष्ट थोडी अवघड आहे. माडियांच्या नृत्यात हातांत हात गुंफून फेर धरला जातो. एक गट चरण म्हणतो, दुसरा तो उचलतो, आणि 'रेला' ह्या अर्थनिरपेक्ष अक्षरांचे पालुपद सतत फिरत राहते. ह्या पालुपदामुळेच नवखा श्रोता त्यास परिसर-संगीत समजतो. शब्दांना अर्थ नसला की तो ध्वनीच्या रंगाकडे वळतो, आणि आवर्तने मोजेनासा होतो. पण फेरातील माणसास हे पालुपद विसाव्याची जागा आहे; पुढचा चरण जुळविण्यास लागणारा अवकाश त्यात मिळतो. इनोच्या फितींत स्वरांचा मेळ दर खेपेस निराळा पडतो तो वेटोळ्यांच्या लांबीमुळे. येथे तो निराळा पडतो तो समोरच्या गटाने काय म्हटले त्यावरून. एकात माणूस बाजूस झाला म्हणून विविधता आली, दुसऱ्यात माणसे समोरासमोर आली म्हणून. कानाला परिणाम जवळजवळ एकच जाणवतो. म्हणूनच केवळ ध्वनिमुद्रण ऐकून ठरविलेले साम्य फसवे असते.

व्हेरियर एल्विन ह्यांनी १९४७ च्या ग्रंथात बस्तरच्या मुरियांमध्ये ऐकलेली लिंगोकथा दिली आहे. तीत लिंगो हा घोटुलाचा प्रवर्तक असून अठरा वाद्ये एकदम वाजवितो. एकट्याने अठरा वाद्ये वाजविण्याचे सामर्थ्य देवपुरुषाचे; माणसांना त्यासाठी घोटुल, म्हणजे आपल्याकडचे गोटुल, बांधावे लागते आणि सर्वांनी जमावे लागते, असा ह्या कथेचा एक अर्थ आम्हांस दिसतो. तो सर्वमान्य व्हावा असा आग्रह नाही.

कॅनडातील मरे शेफर ह्यांनी १९७७ च्या ग्रंथात ध्वनिपरिसराच्या अभ्यासासाठी जी परिभाषा दिली, ती येथे उपयोगी पडते. सतत असणारा आणि म्हणून न ऐकला जाणारा तो आधारध्वनी. मुद्दाम लक्ष वेधणारा तो संकेतध्वनी. आणि एखाद्या वस्तीची ओळख ठरलेला तो खूणध्वनी. ही विभागणी शहरात बरी चालते. अरण्यात ती डळमळते, आणि तिला सर्वांत मोठा धक्का देते ती गुराच्या गळ्यातील लाकडी घंटा. दाट रानात चरणारे गुरू दिसत नाही. लाकडाचा ठोकळ नाद झाडोऱ्यातून ऐकू येतो. गुरू चरते आहे, चालते आहे की उधळले आहे, हे ठोक्याच्या अंतरावरून गुराख्यास कळते. झाडाखाली बसलेला गुराखी ह्या घंटांकडे लक्ष देत नाही असेच पाहणाऱ्यास वाटेल. त्यांपैकी एक थांबली की मात्र तो उठतो. वाघ, दलदल, वाट चुकणे ह्यांपैकी काहीही संभवते. एकच ध्वनी चालू असेतो आधारध्वनी असतो आणि थांबताच संकेत होतो; किंबहुना येथे संकेताचे काम ध्वनीचा अभावच करतो. शेफर ह्यांच्या तीन वर्गांत अभावासाठी जागा नाही.

बस्तरात हवेत गरगर फिरवून वाजणारी बांबूची बासरी आहे. तिला फुंकर लागत नाही. रानातून चालता चालता हात हलविला की वारा तिच्यातून गातो. चालणाऱ्यास सोबत होते आणि जनावरास माणसाची चाहूल लागते. परिसर-संगीताच्या शोधात असलेल्या पाश्चात्त्य संगीतकारास ह्याहून आदर्श वाद्य मिळणे कठीण. पण जनावराने तिच्याकडे दुर्लक्ष करावे, अशी वाजविणाऱ्याची इच्छा खचितच नसते.

नगारखान्यातील चौघडा ह्या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसतो. प्रहराप्रहरास वाजणारी नौबत नगरवासीयांस वेळ सांगे आणि सत्तेची उपस्थितीही जाणवून देई. तिच्याकडे कान देऊन कोणी बसत नसे, परंतु ती न वाजणे हे अशुभ. तेव्हा खंडाची कसोटी अरण्यापुरतीच आहे, आणि नागर संस्कृती मुळातच दुर्लक्षाची, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्याचे त्या ठिकाणी काही गुंतलेले आहे, त्याच्यासाठी तेथील ध्वनी निव्वळ परिसर राहत नाही. विमानतळावर कोणाचेच काही गुंतलेले नसते. तेथे माणूस निघून जाण्यासाठीच येतो. परिसर-संगीत हे परक्या ठिकाणी थांबलेल्या माणसाचे संगीत आहे, असे आमचे मत आहे. तसे ते असण्यात कमीपणा नाही. आधुनिक माणसाचा बराच काळ अशाच ठिकाणी जातो. परंतु भामरागडच्या रानात पहिल्यांदा गेलेल्या अभ्यासकास तेथील सारे नाद परिसर-संगीत वाटतात, ते का, ह्याचे उत्तर ह्यातच आहे. परका तो असतो.

ह्या ध्वनिपरिसराचा इतिहास लिहावयाचा तर केवळ गाण्यांचे संग्रह पुरणार नाहीत. वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ ते १९०६ पर्यंत चालली. पुढे बल्लारपूरच्या खाणी आल्या, विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे कागद गिरणी उभी राहिली. पाळी सांगणारा भोंगा ज्याची भाकर त्यावर अवलंबून, त्याला संकेत, इतरांना आधारध्वनी. जुन्या घंटेशी त्याचे नाते वरवर वाटते तितके विरोधाचे नाही. खरा बदल दुसरीकडे घडला. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलात चराई आणि लाकूडतोड ह्यांवर नियंत्रण आले. घंटा लाकडाची, ढोलाचे खोड झाडाचे, किंगरीचा सांगाडा लाकडाचा. आणि ज्या गोटुलात रात्री रेला चाले, त्याचे खांबही जंगलातलेच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाने १९८० नंतरच्या दशकात आपले गोटुल पुन्हा उभे केले. त्यास सागवान वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले. त्यावर आसपासच्या बारा गावांनी आपापल्या गावी गोटुल बांधण्याचे ठरविले. ह्या घटनेकडे आजवर स्वशासनाच्या चळवळीतील प्रसंग म्हणून पाहिले गेले, आणि ते योग्यच आहे. त्या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, त्याची पूर्वपीठिका तीच. परंतु जी वास्तू पाडली गेली, ती नादाचीही वास्तू होती. मेंढ्याच्या मागणीचा आधार निस्तार-हक्क हा होता. जुन्या मध्यप्रांताच्या महसुली दप्तरांत गावोगावची निस्तारपत्रके आहेत. कोणत्या गावास कोणत्या जंगलातून कोणत्या कामासाठी लाकूड, बांबू आणि चराई मिळावी, ह्याच्या नोंदी त्यांत असतात. संगीताच्या अभ्यासकाने ही पत्रके अद्याप उघडलेली नाहीत. एखाद्या तालुक्यातील गाणी, वाद्ये आणि गुरांच्या घंटा ह्यांची सूची त्या तालुक्याच्या निस्तारपत्रकांशेजारी ठेवून वाचण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यास दोन हिवाळ्यांत करता येण्याजोगे आहे. पावसाळ्यात तेथील वाटा बंद होतात, आणि त्या दिवसांत गावात काय ऐकू येते, हे तेथेच राहिल्याखेरीज कळत नाही.